‘पंक्चर काढशील!’

वर्गात मागच्या बाकावर खिडकीबाहेर बघत बसणाऱ्या पोराला एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं. ‘‘नहीं पढ़ेगा तो पंक्चर निकालेगा.’’ उर्दू शाळांमध्ये तर हे वाक्य खडू-फळ्याइतकं जुनं आहे. मीही ते म्हटलंय. एकदा नाही, कितीतरी वेळा. दोन्ही विषय माझ्याकडे असल्यामुळे उर्दूच्या तासाला उर्दूत आणि मराठीच्या तासाला मराठीत म्हटलंय. बीएडला असताना ‘विद्यार्थ्यांना प्रेरणा कशी द्यावी’ यावर मी चांगलं चार पानी उत्तर लिहिलं होतं, मार्कही बरे पडले होते. प्रत्यक्ष वर्गात मात्र प्रेरणा म्हणून माझ्याकडे हे एकच वाक्य होतं.

मग १४ एप्रिल २०२५ रोजी हरियाणातल्या हिसारच्या सभेत पंतप्रधान म्हणाले की, वक्फच्या मालमत्तेचा वापर प्रामाणिकपणे झाला असता तर मुस्लिम तरुणांवर सायकलचे पंक्चर काढत आयुष्य घालवायची वेळ आली नसती. आपल्याकडे संतापाची लाट आली. समाजमाध्यमांवर ‘अब्दुल पंक्चरवाला’ ही शिवी आधीपासून फिरतच होती, तिच्यावर आता मोठ्या व्यासपीठाचा शिक्का बसला, असं सगळ्यांना वाटलं. मलाही वाटलं. रात्री व्हॉट्सॲपवर कडक स्टेटस ठेवलं. झोपायच्या आधी लक्षात आलं, की हेच वाक्य मी पंधरा-वीस वर्षं चिमुकल्या पोरांना ऐकवत आले आहे. दिल्लीवाल्यांनी म्हटलं तर अपमान आणि मॅडमनी म्हटलं तर हितोपदेश, असं कसं चालेल?

हा लेख त्या रात्रीच लिहायला हवा होता. लिहिला नाही. आता लिहायचं कारण वेगळं आहे.

मध्यंतरी एका रविवारी हडपसरच्या एका हॉलमध्ये आपल्याच काही उत्साही मंडळींनी छोट्या व्यावसायिकांसाठी शिबिर ठेवलं होतं. प्रवेश फी घेऊन. समोर बेकरीवाले, मोबाईल दुरुस्तीवाले, चिकन सेंटरवाले, घरी बुरखे आणि ब्लाऊज शिवणाऱ्या चार-पाच बाया, दोन भंगारवाले. व्याख्याते कानाला माईक लावून आले. तुमच्या धंद्याचा ‘व्हाय’ शोधा, म्हणाले. पैसा हा हेतू नसतो, पैसा मागून येतो, आधी आतला आवाज ऐका. मग सगळ्यांना कागद वाटले आणि ‘मी हा व्यवसाय का करतो’ ते एका वाक्यात लिहायला सांगितलं. माझ्या शेजारच्या बाईंनी लिहिलं, ‘मुलीची फी’. पुढच्या रांगेतल्या एकाने एकच शब्द लिहिला, ‘हप्ता’. व्याख्यात्यांनी तो मोठ्याने वाचला, हॉल हसला, आणि ते म्हणाले, ‘‘ही मजबुरी झाली. मी हेतू विचारतोय.’’

मला त्या वाक्याची चीड आली, ती अजून गेलेली नाही.

मजबुरी आणि हेतू यांची अशी फाळणी कोणी केली? ज्याचं पोट भरलेलं आहे त्याने. मुलीची फी भरायची म्हणून पहाटे पाचला उठून कणीक भिजवणारा बेकरीवाला हेतूशिवाय जगतोय आणि सोमवारी कंपनी काढून बुधवारी पॅशन सापडलेला माणूस तेवढा हेतूने जगतोय, ही समजूत मुळात गर्विष्ठ आहे. आपल्या दीनमध्ये तर तिला जागाच नाही. बायकोच्या तोंडी घातलेला घासही सदका आहे असं सांगणारी हदीस आपण लहानपणापासून ऐकतो. म्हणजे घर चालवणं हे इबादतीच्या बाहेरचं, हलक्या दर्जाचं काम नाहीच. शेजारच्या बाईंनी कागदावर ‘मुलीची फी’ लिहिलं तेव्हा त्यांनी पूर्ण उत्तर लिहिलं होतं. मास्तरीणबाई म्हणून सांगते, मी त्यांना पैकीच्या पैकी दिले असते.

पण एवढं म्हणून थांबले तर मीही त्या व्याख्यात्यासारखीच टाळ्या घेणारी ठरेन. कारण ‘पोटासाठी करतोय’ हे उत्तर जितकं खरं आहे, तितकंच ते आपण ढाल म्हणूनही वापरतो. पोटासाठी करतोय, म्हणून वजनात पन्नास ग्रॅम कमी. पोटासाठी करतोय, म्हणून कालच्या तेलात आजचे समोसे. गल्ल्याच्या वर काचेच्या फ्रेममध्ये ‘हाज़ा मिन फज़्लि रब्बी’ आणि गल्ल्याच्या खाली दांडी मारलेला तराजू. आपल्या रबने कुरआनात माप मारणाऱ्यांच्या नावाने अख्खी सूरत उतरवली, सूरे मुतफ्फिफीन. प्रेषित मुहम्मद (स.) मदीनेच्या बाजारातून जाताना धान्याच्या ढिगात हात घालून बघतात, आतलं धान्य ओलं लागतं, आणि विक्रेत्याला विचारतात की हे ओलं धान्य वर का ठेवलं नाहीस, लोकांना दिसलं असतं. जो फसवतो तो आपला नाही, असं त्यावर सांगतात. जुम्माच्या खुतब्यात हा किस्सा तुम्ही शेवटचा कधी ऐकलात? मला आमच्याकडच्या दुकानदारांनी सांगितलं, की मशिदीला त्यांची आठवण मुख्यतः पावतीपुस्तक घेऊन येताना होते. तराजूवर कोणी बोलत नाही, कारण चंदा त्याच तराजूतून येतो.

आता ज्याच्यामुळे हे लिहितेय त्याच्याकडे येते.

सोलापूर रस्त्यावर, पंधरा नंबरच्या पुढे, मांजरी फार्मच्या बाजूला त्याचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक पत्र्याची शेड, एक कॉम्प्रेसर, पाण्याचं एक टब आणि बाहेर टांगलेला जुना टायर. तो माझा विद्यार्थी. मागचा बाक, खिडकी आणि ते वाक्य, सगळं त्याच्याच वाट्याला आलं होतं. माझ्या स्कूटरचं चाक बसलं म्हणून ढकलत गेले, तर तो उठून उभा राहिला. ‘‘मॅडम, पहचाना क्या?’’ मी ओळखलं. त्यानेही ते वाक्य विसरलं नव्हतं हे त्याच्या हसण्यावरून कळलं. बोलला काहीच नाही. खुर्ची पुसून दिली आणि चहा सांगितला.

चाक त्याने फिरवून बघितलं, साबणाचं पाणी लावलं आणि मला हाक मारली. ‘‘मॅडम, इधर आके देखो.’’ मी म्हटलं, अरे, तू बघ ना. तो म्हणाला, नाही, गिऱ्हाईकाने बघितल्याशिवाय मी काढत नाही. एका जागी बारीक बुडबुडे येत होते. एकच पंक्चर. त्याने भोक साफ केलं, पट्टी भरली, वरचा भाग कापला, पुन्हा पाणी लावलं आणि पुन्हा दाखवलं. बुडबुडा नाही.

हे मी एवढं तपशिलाने का सांगतेय ते दुचाकी चालवणाऱ्या पुणेकराला सांगायला नको. एकाचे तीन पंक्चर दाखवणं, गिऱ्हाईक फोनवर बोलत असताना टोच्या मारून नवीन भोक पाडणं, रस्त्यावर थोडं अलीकडे खिळे टाकून ठेवणं, या धंद्यातल्या या करामती सगळ्यांना ठाऊक आहेत. ट्यूबलेस टायर आल्यापासून तर गिऱ्हाईकाला काहीच कळत नाही. रात्री साडेदहाला मांजरीच्या रस्त्यावर एकटी बाई चाक बसून थांबली असेल तर ती पूर्णपणे त्या शेडमधल्या माणसाच्या हातात असते. त्या माणसापुढे तेव्हा दोन रस्ते असतात. बघायला कोणी नसतं. मला वाटतं, व्याख्याते ज्याला हेतू म्हणत होते तो कागदावर एका वाक्यात लिहायची वस्तू नव्हे. तो त्या साबणाच्या पाण्यात असतो, आणि रोज नव्याने असतो. काल दाखवला म्हणून आज सूट नाही.

त्याला विचारलं, हे कोणी शिकवलं? वस्तादने, म्हणाला. शाळेचं नाव घेतलं नाही, घ्यायचं कारणही नव्हतं.

आणि शाळेने काय शिकवलं असतं? माझं हजेरीपत्रक उघडून बघा. आत्तार, बागवान, तांबोळी, मण्यार, मोमीन, नदाफ, शिकलगार, मुलाणी, मिस्त्री. महाराष्ट्राच्या मुसलमानाचं आडनाव म्हणजे त्याच्या पणजोबाचं दुकान. कोणी अत्तर विकलं, कोणी फळं, कोणी विड्याची पानं, कोणी बांगड्या भरल्या, कोणी लुगडी विणली, कोणी कापूस पिंजला, कोणी सुऱ्या-तलवारींना धार लावली. सकाळी हजेरी घेताना मी अख्खी बाजारपेठ वाचते आणि तासाच्या शेवटी त्याच पोरांना सांगते की धंदा म्हणजे नापास झाल्याची शिक्षा.

आणि हे आपण इल्मच्या नावाखाली करतो, ते आणखी वाईट. कूफ्याचे इमाम अबू हनीफा कापडाचा, रेशमाचा व्यापार करत. हनफी फिकहातले एक मोठे विद्वान इतिहासात अल-खस्साफ म्हणून ओळखले जातात. खस्साफ म्हणजे चपला शिवणारा. शाफई परंपरेत मर्वचे अल-कफ्फाल आहेत. कफ्फाल म्हणजे कुलपं बनवणारा. आधी कुलपं केली, मोठ्या वयात शिकायला बसले आणि नाव मात्र कुलपाचंच ठेवलं. हजरत अब्दुर्रहमान बिन औफ मक्केतून हिजरत करून मदीनेत आले तेव्हा हात रिकामे होते. अन्सारी भावाने अर्धी मालमत्ता देऊ केली. ते म्हणाले, मला फक्त बाजार कुठे आहे ते दाखवा. आणि तूप-पनीर विकण्यापासून सुरुवात केली. या लोकांना धंदा आणि इल्म एकमेकांच्या आड आलेले दिसले नाहीत. आपल्याला दिसतात, कारण आपण इल्म म्हणजे नोकरीचं तिकीट असं ठरवून टाकलंय.

मराठी मातीतही काही वेगळं नाही. दरवर्षी तुकोबांची पालखी हडपसरहून लोणी काळभोरकडे याच सोलापूर रस्त्याने जाते, म्हणजे माझ्या विद्यार्थ्याच्या शेडसमोरून. त्या दिवशी तो दिंड्यांच्या टेम्पोची हवा आणि पंक्चर फुकट करतो. मी विचारलं, तुला माहिती आहे का तुकाराम महाराज काय करायचे? अभंग लिहायचे, म्हणाला. अरे, दुकानदार होते. वडिलोपार्जित वाणीपणा होता, दुष्काळात दिवाळं निघालं, आणि लोकांकडून येणं असलेल्या कर्जाची खतं त्यांनी इंद्रायणीत सोडली असं सांगतात. तो जरा विचार करून म्हणाला, ‘‘मॅडम, उधारी की बही मेरे पास भी है. मगर नदी का पानी बहुत गंदा है.’’ मुळा-मुठेच्या काठावर राहणाऱ्याने काढलेला विनोद आहे, म्हणून सोडून द्यावा लागतो.

आता काही वाचक म्हणतील, मॅडम, गरिबीला गोंडस नाव देऊ नका. बरोबर आहे. सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालानुसार देशातले जवळपास ६१ टक्के मुस्लिम कामगार स्वयंरोजगारात होते. हिंदूंमध्ये हे प्रमाण सुमारे ५५ टक्के होतं. हा आकडा आपली उद्योजकता सांगतो असं मानणाऱ्यांनी तोच अहवाल पुढे वाचावा. पगारी नोकरीचे, विशेषतः सरकारी नोकरीचे दरवाजे किती अरुंद आहेत तेही तिथेच आहे. माणूस धंद्यात उतरला आणि माणसाला धंद्यात ढकललं, या दोन वेगळ्या गोष्टी. ढकललेल्या माणसाला ‘हेतू शोध’ म्हणणं ही क्रूर थट्टा होऊ शकते. शाळा चांगली असती, तर तो मागच्या बाकावरचा मुलगा कदाचित इंजिनियर झाला असता आणि त्याला टायरचीच आवड असती तर टायरच्या कंपनीत असता. ते झालं नाही, यात माझाही वाटा आहे.

सरकारी मदतीचं बोलावं तर योजना आहेत. मुद्रा योजना २०१५ पासून आहे, शिशू गटात पन्नास हजारांपर्यंत कर्ज मिळतं. २०२३ साली आलेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत अठरा धंदे मोजलेत. शिंपी आहे, न्हावी आहे, कुलूप बनवणारा आहे, होड्या बनवणाराही आहे. पिंजारी नाही, बेकरीवाला नाही, पंक्चरवाला तर नाहीच. ज्याची शिवी होते त्याची यादी होत नाही.

आणि त्याहून मोठा प्रश्न. प्रामाणिकपणे साबणाचं पाणी दाखवून काय उपयोग, जर पाटीवरचं नाव वाचूनच गाडी पुढे जाणार असेल? फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगर जिल्ह्यातल्या मढीच्या ग्रामसभेने कानिफनाथांच्या यात्रेत मुस्लिम व्यापाऱ्यांना दुकानं लावू न देण्याचा ठराव केला. ज्या स्थानाला मुस्लिम भाविक शाह रमजान माहीसवारांचा दर्गा म्हणून मानतात, त्याच ठिकाणी. प्रशासनाने तो ठराव रद्द ठरवला, पण ज्या बांगडीवाल्याने तिथे जायचं की नाही यावर रात्र काढली, ती रात्र कोण रद्द करणार? पुढच्याच महिन्यात राज्याच्या एका मंत्र्यांनी झटका मटणासाठी ‘मल्हार’ प्रमाणपत्र जाहीर केलं, फक्त हिंदू खाटकांच्या दुकानांसाठी. आपल्याच पुणे जिल्ह्यात, मुळशीत, बाहेरच्या मुस्लिमांना मज्जाव करणारे फलक त्याच वर्षी लागले.

इथे आपल्यातले भले लोक एक चूक करतात, आणि मला ती त्या व्याख्यात्याच्या चुकीहून जास्त खुपते. ते दुकानदारांना सांगतात, भावांनो, आता तर आणखी प्रामाणिक राहा, म्हणजे त्यांना पटेल की आपण चांगले आहोत. नाही. धंदा करण्याचा हक्क संविधानाच्या १९ व्या कलमाने दिला आहे, चांगल्या वागणुकीचं बक्षीस म्हणून नव्हे. एकाचे तीन पंक्चर दाखवणारा मुसलमान फसवणुकीच्या गुन्ह्यात पकडला जावा, जसा दुसरा कोणीही पकडला जावा. पण त्याचा गुन्हा गावाच्या वेशीवर फलक लावायला पुरत नाही. तराजू सरळ ठेवायचा तो शेजाऱ्याकडून दाखला मिळवायला नाही. समोर उभ्या असलेल्या बाईचा पैसा तिचा आहे म्हणून, आणि वर बघणारा बघतोय म्हणून. या दोन गोष्टींची सरमिसळ झाली की फलक लागताच माणूस म्हणतो, मग कशाला सरळ वागायचं? अशी माणसं मी पाहिली आहेत.

आणखी एक गोष्ट, जी लिहिल्यावर काही दुकानदार माझ्याशी बोलणार नाहीत. ‘छोटू’. कायद्याने चौदा वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवता येत नाही, २०१६ च्या दुरुस्तीने तर सरसकट बंदी आहे, घरच्या धंद्यात शाळेनंतर मदत करण्यापुरती सूट सोडली तर. आपल्या गॅरेजांत, बेकऱ्यांत, चहाच्या टपऱ्यांवर कोण काम करतंय ते मला हजेरीपत्रकावरून कळतं. सहावीच्या वर्गात एक नाव सलग गैरहजर दिसायला लागलं की मी आधी दवाखान्यात नाही, गॅरेजमध्ये चौकशी करते. ‘मॅडम, मैं तो उसको हुनर सिखा रहा हूं’ असं उत्तर मिळतं. हुनर सोळाव्या वर्षीही शिकता येतं. ज्याचा धंदा बारा वर्षांच्या पोराच्या पाठीवर चालतो त्याने मला मुलीच्या फीची गोष्ट सांगू नये. ते पोरही कोणाचं तरी आहे.

माझ्या विद्यार्थ्याकडे दोन मुलं कामाला आहेत. मी आल्या आल्या वय विचारलं. एक एकोणीस, एक सतरा. सतरावाला बारावीचा फॉर्म बाहेरून भरणार आहे. इथे मात्र मी जरा हरखले, ते कबूल करते.

चहा संपल्यावर त्याने खरी गोष्ट सांगितली. जागामालक शेडचं भाडं वाढवतोय, किंवा जागाच काढून घेईल. मांजरी २०२१ मध्ये महापालिकेत आली, आजूबाजूला टॉवर उभे राहिले, रस्त्याकडेच्या प्रत्येक वावाला आता भाव आहे. टॉवरमधले लोक ॲपवरून माणूस बोलावतात, तो येऊन पार्किंगमध्येच पंक्चर काढून जातो. एका गोदामात पॅकिंगचं काम मिळतंय, पगार ठरलेला, रविवारी सुट्टी. ‘‘मॅडम, क्या करूं?’’

त्या शिबिरातल्या माणसाने सांगितलं असतं, आतला आवाज ऐक. एखाद्या बुजुर्गाने सांगितलं असतं, धंद्यात बरकत असते, सोडू नकोस. मी यातलं काही म्हणाले नाही. गोदामातलं काम हलकं नाही, ठरलेला पगार ही लहान गोष्ट नाही, आणि त्याच्या घरी दोन लेकरं आहेत. धंद्यात हेतू सापडला म्हणून धंदा सोडायचाच नाही असा काही नियम नाही. साबणाचं पाणी दाखवणारा माणूस गोदामातही खोक्यावर खरंच वजन लिहील. पण तो गेला तर त्या रस्त्यावर रात्री साडेदहाला बाईने चाक कुठे ढकलत न्यायचं, हाही प्रश्न आहे आणि तो एकट्या त्याने सोडवायचा नाही. मी त्याला कागद काढायला लावला. भाडं किती, दिवसाला सरासरी चाकं किती, दोन मुलांची मजुरी किती, उधारी किती. तीन महिन्यांचा हिशेब लिहून आण म्हटलं, मग बँकेतही जाऊ आणि जागामालकाकडेही जाऊ, मी येते. मराठीतून अर्ज मी लिहीन. हे मला येतं. त्याने वही काढली तेव्हा बघितलं, अक्षर अजून तसंच वाकडं आहे, बेरीज मात्र चुकत नाही.

निघताना मी त्याला शाळेत बोलावलं. नववीच्या वर्गावर, एक तास. तो घाबरला. ‘‘मैं क्या बताऊं बच्चों को?’’ मी म्हटलं, एकाचे तीन पंक्चर कसे दाखवतात ते करून दाखव. तू का दाखवत नाहीस तेही सांग. आणि मी तुला वर्गात काय म्हणायचे, तेही सांगितलंस तरी चालेल, मी मागच्या बाकावर बसेन.

बघतो, म्हणाला. शनिवारी गर्दी असते. पंक्चरचे पैसे मात्र त्याने पूर्ण घेतले.